खड्ड्यातली मोटर

१

अभ्यासिकेचं शटर वर करायच्या आधी दामिनी रोज पत्र्याला कान लावायची. ट्यूशन एरियात त्या वेळी दुधाच्या गाड्या आणि पहिल्या बॅचला पळणारी पोरं, एवढीच काय ती जाग. कान लावला की खाली तळघरातली मोटर ऐकू येई. घुं करून सुरू व्हायची, खड्ड्यातलं पाणी बाहेरच्या गटारात फेकायची आणि खट् करून थांबायची. तो आवाज ऐकला की तिला बरं वाटे.

तळघर सासऱ्यांचं. महादेवप्पा होते तोवर तिथं तुरीच्या डाळीची पोती रचलेली असत. ते गेले, आडत मिटली, नवरा सोमेश नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला लागला आणि शनिवारी-रविवारी घरी येऊ लागला. दामिनी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. तिनं ती नोकरी सोडली, तळघर झाडून घेतलं, पोत्यांच्या जागी टेबलं मांडली आणि अभ्यासिका काढली. भोकर, चाकूर, कुठून कुठून आलेली पोरं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत होती, वाचायला त्यांना जागा नव्हती. इथं गारवा होता, शांतता होती. सासूबाई, गुरम्मा, वरच्या मजल्यावर राहायच्या आणि दुपारी पोरांसाठी माठ भरून ठेवायच्या.

खोट एकच होती. लातूरच्या नळाला पाणी आठवड्यानं येतं, पण ह्या तळघराला पावसाळ्यात रोज येई. काळ्या मातीत मुरलेलं पाणी भिंतींच्या बुडातून झिरपायचं. त्यासाठी मागच्या कोपऱ्यात कमरेइतका खोल खड्डा होता, त्यात मोटर आणि वर लोखंडी झाकण.

जुलैतल्या एका सकाळी तिनं कान लावला तर खाली काहीच नाही. घाईनं जिना उतरली. शेवटच्या पायरीवरून पाय टाकला तो घोट्यापर्यंत पाण्यात.

मोटर दुरुस्तीवाला साहेबराव आला. त्यानं तासाभरात मोटर वर काढली, उलटी केली आणि बुडाची जाळी दाखवली. "कापड अडकलंय, मॅडम. पाणी वढायला जागाच न्हाई मग मोटर काय करील? लई वेळा होतंय असं."

दामिनी वाकून बघत राहिली. कापड अडकलेलं नव्हतं. त्याच्या बारीक चिंध्या केलेल्या होत्या, प्रत्येक चिंधीला वातीसारखा पीळ दिलेला होता आणि जाळीच्या एकेका भोकात एकेक वात बसवलेली होती. एकही भोक सुटलं नव्हतं.

"हे अडकलंय?" तिनं विचारलं.

साहेबरावनं एक वात नखानं उपसली, वास घेतला, टाकून दिली. "उंदरं," तो म्हणाला. "उंदराची जात लई बेकार."

२

शिकवणाऱ्या माणसाची एक सवय असते. गणित चुकलं की ते कुठल्या पायरीवर चुकलं हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दामिनीनं मोटरीचं तेच केलं. साहेबरावला बसवून घेऊन सगळं विचारलं. मोटर गाळात ठेवली की गाळ ओढते, म्हणून विटांवर ठेवायची. जाळी महिन्याला धुवायची. नारळाएवढा फ्लोट पाण्याबरोबर वर आला की मोटर चालू होते, खाली लटकला की बंद, तो भिंतीला घासता कामा नये. आणि दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून मोटर आपण होऊन सुरू होते का ते बघायचं, पूर यायची वाट बघायची नाही.

तिनं सगळं केलं. झाकणाच्या कडेला बारीक जाळीही मारून घेतली, उंदीर शिरायला नको म्हणून.

पंधरवड्यानं बादली ओतली. पाणी चढलं, मोटर गप्प. दुसरी बादली ओतली, तरी गप्प. तिनं झाकण सरकवून टॉर्च मारला. फ्लोट दिसेचना. मग दिसला, पार खाली, पाण्याच्या तळाशी. त्याची वायर मोटरीच्या पाइपाला गुंडाळलेली होती.

"सुरू होताना मोटर झटका देती," साहेबराव फोनवर म्हणाला. "जरा जरा फिरती. वायर वेढे खाती. पट्टीनं आवळून टाका."

कारण पटण्यासारखं होतं. हिसक्यानं वायर गुंडाळली जाऊ शकते, त्यात काही चमत्कार नाही. दामिनी पालथी पडून हात घालून वेढे सोडवू लागली. वेढ्याला वेढा चिकटून होता, रिळावर दोरा भरावा तसा. मध्ये कुठं फट नाही, कुठं एकावर एक चढलेला नाही. आणि शेवटचं टोक सैल नव्हतं. निरीची टोकं खोचावीत तसं ते आधीच्या वेढ्याखाली नीट खोचून दिलेलं होतं.

तिनं ते सोडवलं, वायर पट्टीनं बांधली, हात धुतले. पुन्हा धुतले. वर जाऊन गुरम्मांना म्हणाली, "अव्वा, तळघराची किल्ली अजून कुणाकडं आहे का?"

"तुझ्याकडं हाय, आन् माझ्या कमरंला हाय. का गं?"

"काही नाही. असंच."

३

खड्ड्याजवळच्या टेबलावर सृष्टी बसायची. चाकूरकडची पोरगी, एक वर्ष थांबून दुसऱ्यांदा परीक्षा देणारी. अबोल आणि चिवट. पंख्याचा वारा तिथं कमी यायचा म्हणून ती जागा कुणी घेत नसे. सृष्टीला मात्र तीच आवडायची, कारण तिथं कुणी बोलायला येत नाही.

एके दिवशी दुपारी ती दामिनीच्या टेबलाशी आली. "मॅडम, एक विचारू? हसू नका."

"विचार ना."

"मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात पडतं. धप्प करून. ते मला माहिताय. पण त्याच्यानंतर थोड्या वेळानं झाकणाला खालून काहीतरी लागतं. ठोकल्यासारखं न्हाई. अंधारात आपण दाराची कडी कशी शोधतो, तसं."

दामिनी हसली नाही. दोघी खड्ड्याजवळ उभ्या राहिल्या. बाकीची पोरं पुस्तकात डोकं घालून होती. घुं झालं, खट् झालं. पाइपातून पाणी धप्पकन खाली आलं. मग काही नाही. दामिनी श्वास सोडणार तेवढ्यात झाकणाच्या एका कडेला हळूच खर्र झालं. ते कडेकडेनं सरकत गेलं, उचलायच्या कडीपाशी थांबलं, तिथं जरा जास्त वेळ रेंगाळलं आणि संपलं.

"पाण्याबरोबर हवा दाबली जाते," दामिनी म्हणाली. "झाकण थरथरतं. तू आजपासून पुढच्या रांगेत बस."

"हाव, मॅडम," सृष्टी म्हणाली आणि लगेच पुस्तकं उचलायला गेली.

तरी पाणी परत का पडतं हा प्रश्न उरलाच. पाणी एकदा वर गेलं की मागं येऊ नये म्हणून पाइपात व्हॉल्व्ह असतो, आत एक पडदा, एकाच दिशेला उघडणारा. साहेबरावनं तो खोलला. पडद्याच्या फटीत एक खडा बसला होता, चिंचोक्याएवढा, गुळगुळीत.

"मोटरीनं खालून फेकला आसंल," साहेबराव म्हणाला.

तो गेल्यावर दामिनीनं तो खडा बुडाच्या जाळीच्या सुट्या तुकड्यावर ठेवून बघितला. जाळीच्या भोकातून तो जात नव्हता. तिरका करून, दाबून, सगळ्या बाजूंनी बघितला. जात नव्हता म्हणजे नव्हताच.

त्या संध्याकाळी सोमेशचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं. "पहिल्यांदा बिघाड पार बुडाला झाला. दुसऱ्यांदा मधे, फ्लोटला. आता पाइपात, झाकणाच्या वर. तीन बिंदू एका रेषेत आलेत, सोमेश. रेष वर चढतीय."

"अगं, मोटरच भंगार निघाली," सोमेश म्हणाला. "येत्या शनिवारी मी इथून दुसरी घेऊन येतो. दोन राहू दे खड्ड्यात, एक बंद पडली की दुसरी. तोवर अभ्यासिका बंद ठेव ना."

"बंद ठेवणार नाही. पोरांनी जायचं कुठं? सराव परीक्षा सुरू झाल्यात." ती जरा थांबली. "आणि मी बंद ठेवावी असंच त्याला वाटत असेल तर?"

"कुणाला?"



४

शनिवारच्या आधीच पाऊस आला. सप्टेंबर संपत आलेला, सकाळपासून आभाळ फाटलेलं. दामिनीनं हाती होतं ते सगळं केलं होतं. लाईट गेली तर मोटर थांबू नये म्हणून ती इन्व्हर्टरला जोडली होती. पाणी ठरल्या खुणेवर आलं की बोंबलेल असा भोंगा बसवला होता. पोरं मोबाईल चार्ज करायला मोटरीचा प्लग काढतील म्हणून प्लग सॉकेटला चिकटपट्टीनं बांधून टाकला होता. झाकणावर आडतीच्या काळातलं वीस किलोचं वजन ठेवलं होतं.

दुपारी पोरं पेपर सोडवत होती. खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज. आणि भोंगा ओरडला.

दामिनी वळली तेव्हा खड्ड्याच्या कडेनं पाणी बाहेर येऊन फरशीवर पसरत होतं. तिनं सॉकेटकडं बघितलं. प्लग निघालेला होता आणि भिंतीला नीट टेकवून खाली ठेवलेला होता. चिकटपट्टी सोलून काढलेली, कुठंही न फाटलेली, तिची छोटी गुंडाळी प्लगशेजारी.

"कुणी काढला हा?" ती ओरडली. पोरं घाबरून बघत राहिली. कुणीच जागेवरून उठलेलं नव्हतं, ते तिलाही दिसत होतं. समोरच बसली होती ती. मग तिची नजर भिंतीवर गेली. फरशीपासून सॉकेटपर्यंत भिंतीचा एक पट्टा ओला होता. वीतभर रुंद. झाकणावरचं वजन जागेवरच होतं.

"सगळे वर," दामिनी म्हणाली. "पुस्तकं राहू द्या. चपला राहू द्या. आत्ताच्या आत्ता वर."

खुर्च्या सरकल्या, पोरं जिन्याकडं धावली. सृष्टी सगळ्यांच्या मागं राहून एकेकाला पुढं ढकलत होती. जिन्यावरून तिनं हाक मारली, "मॅडम, तुम्ही?"

"पाणी पायरीला लागायच्या आत काढायला पाहिजे. तू जा. दार ओढून घे."

प्लग लावला. मोटर गप्प. पाणी एवढं चढलेलं असताना फ्लोट वर यायलाच हवा होता, म्हणजे तो खाली अडकलेला होता. दामिनीनं वजन ढकललं, झाकण उलटं टाकलं. आत काळं, गढूळ पाणी काठोकाठ. वीज जोडलेल्या मोटरीच्या पाण्यात हात घालू नये हे तिनं स्वतः शेकडो पोरांना शिकवलं होतं. करंट उतरला तर लाईन तोडणारं यंत्र बसवलेलं होतं, तेवढ्या भरवशावर ती गुडघ्यांवर बसली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

वायर सापडली. वायरीच्या टोकाला फ्लोट सापडला. तिनं तो वर ओढला.

फ्लोट आला नाही. अडकलेली वस्तू ओढली की ती ताठ राहते. हा तसा नव्हता. तिनं ओढलं की तो वीतभर वर यायचा आणि मग तेवढाच खाली जायचा. तिनं जोर वाढवला की खालचा जोर वाढायचा. तिनं सैल सोडलं तर तिकडूनही सैल. कुणीतरी तिची ताकद अजमावत होतं.

तिला उठून पळावंसं वाटलं. पण वर पोरांच्या पावलांचा आवाज अजून होता, आणि पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं होतं. इथून सोडलं तर पाणी चढणार. पाणी चढलं तर पाण्याबरोबर जे चढायचं तेही चढणार. तिनं दोन्ही हात घातले, हनुवटी पाण्याला टेकली, आणि दातओठ खाऊन फ्लोट छातीकडं ओढला.

घुं.

मोटर सुरू झाली. दामिनीनं फ्लोट धरून ठेवला. हिसके बसत होते, खांदा निखळेल असं वाटत होतं, पण पाणी उतरत होतं. आधी फरशीवरचं खड्ड्याकडं धावलं. मग खड्ड्यातलं उतरू लागलं, एकेक वीट उघडी पडू लागली. पाणी खाली गेलं तसा फ्लोट दिसू लागला, तिची बोटं दिसू लागली, आणि फ्लोटच्या खालच्या अर्ध्या भागावर गाळाच्या रंगाचं काहीतरी दिसलं.

गाळच असावा असं तिनं डोळ्याचं पातं लवेपर्यंत मानलं. पण गाळ ओघळतो. हे ओघळलं नाही. ह्यानं सोडलं. घाई न करता, एकेक करून, पाच वेळा.

५

दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिका समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरू लागली. दामिनीनं पोरांना तळघरात परत पाऊल टाकू दिलं नाही. सोमेश दुसरी मोटर घेऊन आला, त्याला तिनं सगळं सांगितलं. तो तिच्या काळ्यानिळ्या पडलेल्या दंडाकडं बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, "खड्डा बुजवून टाकू. काँक्रीट ओतू."

त्यासाठी इंजिनिअर बोलावला. तो डोकं हलवू लागला. "खालून पाण्याचा रेटा आहे. वाट बंद केली तर फरशी उचलेल, खांबांची बुडं सुटतील. वर घर आहे तुमचं. रिकामं का असेना, तळघर कोरडं ठेवायलाच लागेल. मोटर बंद पडू देऊ नका, बस."

दामिनीनं बंद पडू दिली नाही. दोन्ही मोटरी विटांवर बसवल्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती एकटी खाली उतरायची, बादली ओतायची, जाळी तपासायची, वेढे बघायची. शेजारपाजारचे म्हणू लागले, रिकाम्या तळघरासाठी ही बाई कशाला जीव काढून राहिली? ती त्यांना काही सांगत नसे. हिवाळा गेला, पाणी आटलं. मार्च-एप्रिलात खड्डा ठणठणीत कोरडा झाला. सोमेश म्हणाला, आता तरी थोडी विसाव. तीही जरा विसावली.

मेच्या एका दुपारी, टँकरची वाट बघत ती दारात उभी होती. रस्ता सुनसान. आणि पायाखालून आवाज आला. घुं.

खड्ड्यात थेंब नव्हता, तरी मोटरी चालू होत्या.

खाली उतरली तेव्हा जळका वास सुटला होता. तिनं आधी प्लग ओढले, मग झाकण सरकवलं. तळ कोरडा होता, गाळाला भेगा पडलेल्या. त्या कोरड्या खड्ड्यात दोन्ही फ्लोट वायरीच्या टोकांना उभे होते. हवेत. पाणी नसताना, पाण्यावर तरंगावेत तसे, शेजारी शेजारी, एकाच उंचीवर.

तिनं श्वास घेतला. त्या आवाजासरशी दोन्ही फ्लोट एकदमच खाली पडले.

कोरडी मोटर चालली की जळते. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही जळाल्या असत्या आणि पहिल्या मोठ्या पावसाला खाली काहीच चाललं नसतं. एवढं ओळखायला त्याला एक उन्हाळा लागला होता. तिनं घरात जाऊन पक्कड आणली आणि दोन्ही फ्लोटच्या वायरी मुळापासून तोडून टाकल्या.

६

आता मोटरींना फ्लोट नाही. लांब वायरीच्या टोकाला एक बटण आहे. ते दाबून धरलं तर दोन्ही मोटरी चालतात, सोडलं की बंद. पावसाळा बसला तशी दामिनी खाली खुर्ची टाकून बसू लागली. झाकण काढून ठेवलं, खड्डा डोळ्यांसमोर राहावा म्हणून. पाणी खुणेवर आलं की बटण दाबायची, उतरलं की सोडायची. अभ्यासिकेची किल्ली तिनं सृष्टीच्या हातात दिली. सृष्टी आता कॉलेजात होती आणि सकाळच्या वेळी तिथलं बघायची.

गुरम्मा दोन दिवस वरून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर त्यांची काठी वाजली. एकेक पायरी मोजून त्या खाली आल्या, कपाळावर ताजी विभूती, हातात चहाचा थर्मास.

"अव्वा, तुम्ही कशाला आलात खाली?"

"तुझं तोंड बघ आरशात. दोन दिस डोळा लागला न्हाई तुझा." त्यांनी भिंतीशी पडलेली एक खुर्ची ओढली आणि खड्ड्याच्या पलीकडं मांडली. "सोमेसनं सांगितलंय मला समदं. तुला वाटलं म्हातारी भिऊन मरंल?"

दामिनी म्हणाली, "तुमचा विश्वास बसला?"

"इस्वासाचं काय हाय त्यात? घरात पाणी येतंय, काढायला पायजे. एकटीनं कुठवर काढशील?" गुरम्मांनी हात पुढं केला. "दे ते बटन. तू डोळं मीट घडीभर. तुझ्या मोटरी दोन, मग माणूस एकच का?"

दामिनीनं बटण दिलं. पाणी किती आलं की दाबायचं ते दाखवलं, कुठं बघायचं ते दाखवलं. गुरम्मांनी एकदा दाबून बघितलं, घुं झालं तशी मान हलवली. दामिनीनं डोकं मागं भिंतीला टेकवलं. वरच्या जिन्यातून उजेड येत होता, बाहेर रिक्षांचे हॉर्न होते, पाऊस एका लयीत पडत होता. कितीतरी दिवसांनी तिचे डोळे मिटले.

जाग आली ती मोटरीच्या आवाजानं. मोटर चालू होती. पाणी कडेपर्यंत आलेलं होतं आणि हळूहळू उतरत होतं. पलीकडं गुरम्मा ताठ बसल्या होत्या, अंगठा बटणावर पांढरा पडेपर्यंत दाबलेला, दुसऱ्या हातात गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलेलं. त्यांचे ओठ हलत होते.

पण त्या खड्ड्याकडं बघत नव्हत्या. खड्डा आणि दामिनीची खुर्ची ह्यांच्यामधली जी मोकळी फरशी होती, तिकडं त्यांची नजर लागलेली होती. आणि ती नजर अगदी सावकाश, बोटाबोटानं, दामिनीकडं सरकत होती.

"अव्वा?"

"बोलू नगं," गुरम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज तान्ह्या लेकराला थोपटताना काढावा तसा होता. "घाबरू नगं, खाली बघू नगं. पाय वर घे, दामू. पाणी उतरतंय. बटन मी सोडत न्हाई."